पाण्यातला हिरवा उजेड

वानखडेबाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चहाच्या आधी नळाचं पाणी मागायच्या. फ्रिजमधलं नको, फिल्टरचं नको, बाटलीतलं तर नकोच. अर्धा पेला पाणी तोंडात घोळवायच्या, डोळे मिटून गिळायच्या आणि मग म्हणायच्या, "हं. आता आणा तुमचा चहा." अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा माझ्या पत्नीला, सुमनला, वाटलं, बाईंना गोळी घ्यायची असेल.

"गोळी नाही हो वहिनी," बाई म्हणाल्या. "नुसत्या पाण्याची चव माहीत नसली तर चहाची चव कशी समजणार? जे चांगलं लागलं ते तुमच्या हाताचं की नळाचं?"

सुमन पुण्याची. तिनं कप पुढे ठेवला, बाईंचा पहिला घोट होईपर्यंत उभी राहिली आणि विचारलं, "मग? कुणाचं निघालं?"

"अर्धं अर्धं," बाई म्हणाल्या. सुमन इतकी हसली की त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली.

डॉ. शशिकला वानखडे मूळच्या अकोल्याच्या. नागपूरला एम.एस्सी. करून इकडे आल्या, पीएच.डी. झाल्या आणि डेट्रॉइटजवळच्या ज्या विद्यापीठात मी प्राध्यापक होतो, तिथं माझ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून लागल्या. त्यांचं पद कायम नव्हतं. दर वर्षी मी सही केली की ते पुढे सरकायचं. लग्न मोडलेलं होतं. त्याविषयी त्या एवढंच म्हणायच्या, "दोघंही चांगले होतो, पण वेगवेगळ्या बाटलीत." अनघा ही त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा प्राथमिक शाळेत होती. मी त्यांना 'बाई' म्हणायचो, त्या मला 'सर'. अमेरिकन विद्यार्थी मला पहिल्या नावानं हाक मारायचे, पण बाईंचं 'सर' शेवटपर्यंत सुटलं नाही.

आमचं काम दुर्मिळ मृदा धातूंचं. नावात दुर्मिळ असले तरी हे धातू तितकेसे दुर्मिळ नाहीत, पण त्यांच्या सवयी मोठ्या मजेच्या आहेत. आपल्या शरीरातल्या कितीतरी प्रथिनांमध्ये कॅल्शियमच्या आयनाला बसायला ठरलेली जागा असते. कॅल्शियम तिथं येतं, बसतं, उठून जातं, पण ते दिसत नाही, कारण त्याला ना रंग ना उजेड. टर्बियम नावाच्या धातूचा आयन जवळपास कॅल्शियमच्याच मापाचा, पण त्याच्यावरचा विद्युतभार एकानं जास्त. त्यामुळे तो कॅल्शियमच्या जागेवर जाऊन बसतो आणि अधिक घट्ट बसतो. मग प्रथिनावर अतिनील प्रकाश टाकला की शेजारचा भाग तो प्रकाश गोळा करून टर्बियमच्या हवाली करतो आणि टर्बियम हिरवं चमकतं. न दिसणाऱ्या कॅल्शियमची जागा अशी हिरव्या दिव्यानं सापडते.

मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत बाईंनी हेच मुलांना संगीत खुर्ची खेळवून शिकवलं होतं. "कॅल्शियम म्हणजे शहाणं पोरगं," त्या म्हणाल्या. "गाणं सुरू झालं की उठते. आणि टर्बियम म्हणजे हा आमचा रोहन. एकदा बसला की हलून नाही राहिला."

"दॅट्स नॉट फेअर, मावशी!" रोहन खुर्चीला धरूनच ओरडला.

"फेअर नाहीच आहे बाप्पा. केमिस्ट्री आहे."

मग मुलं पांगल्यावर मला म्हणाल्या, "पण एक गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली, सर. एकट्या टर्बियमला उजेड पकडता येत नाही. शेजाऱ्यानं आणून दिला तरच तो चमकते. म्हणून चमक दिसली की आधी शेजारी कोण ते पाहावं."

प्रयोगशाळेत त्यांचा एकच कायदा होता: "आधी रिकामं दाखवा." म्हणजे ज्या पाण्यात प्रयोग केला, त्याच पाण्यात प्रथिन न घालता केवळ टर्बियम टाकायचं आणि चमकतं का ते बघायचं. रिकामं काळोखात राहिलं, तरच भरलेल्याच्या उजेडाला अर्थ. केविन नावाचा आमचा एक विद्यार्थी होता, मिशिगनच्या शेतकरी घरातला. त्यालाही तो शब्द पाठ झाला होता. बाई आत आल्या की तो उठून म्हणायचा, "रिकामं रेडी, डॉक्टर वानखडे." त्याच्या तोंडचा तो 'रिकामं' ऐकून बाई रोज नव्यानं खूश व्हायच्या.

एका वर्षी बाईंच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना घाईनं अकोल्याला जावं लागलं. जाताना त्यांनी मला कोपऱ्यातला मोठा प्लास्टिकचा कॅन दाखवला. त्यात बफर होतं, म्हणजे आम्लता कायम राखणारं पाणी, ज्यात आमचे सगळे प्रयोग व्हायचे.

"हे जुनं झालं सर, गढूळ येऊन राहिलं. फेकून द्या. आल्यावर मी ताजं करते."

मी मान डोलावली. पण आमच्या संशोधनाच्या अनुदानाचा अर्ज पाठवायची तारीख तोंडावर आली होती, हातात सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि ताजं बफर नीट करायचं म्हणजे पूर्ण दिवस जाणार होता. इतकं पाणी ओतून देणं माझ्या जिवावरही आलं. नासायला आलेलं दूध वेळेत उकळलं की वाचतं, हे बघत मी वाढलो. उकळलं म्हणजे शुद्ध झालं, ही समजूत इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवूनही माझ्यातून गेली नव्हती. मी तो कॅन आमच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरच्याच मोठ्या भावात, ठेवला. बाहेर आल्यावर गाळलं, तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ होतं.

त्यात आमचं प्रथिन घातलं, टर्बियम घातलं, दिवे मालवून यंत्र लावलं आणि बघतच राहिलो. इतका हिरवा उजेड आम्हाला कधी मिळाला नव्हता. रिकाम्यासाठी मी बाईंच्या ताज्या बफरचा आधीचा आकडा घेतला. त्या दिवसाच्या पाण्याचं रिकामं बघायला काही मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

बाई परतल्या, आलेख उलटसुलट करून पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "ह्याच पाण्याचं रिकामं पाहिलं?"

"पाहिलं," मी म्हणालो. खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा बदलला नाही, हे मला आजही आठवतं.

"तरी इतकं चमकायला नको, सर. ह्या प्रोटीनमध्ये एवढा उजेड देणारा शेजारीच नाही."

"बाई, चांगलं झालं तरी तुमची तक्रार असतेच!" मी म्हणालो. केविन हसला. बाई हसल्या नाहीत. पण मी 'पाहिलं' म्हटलं होतं आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

निबंध छापून आला. परिषदेत टाळ्या झाल्या, अनुदान मिळालं. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं तोच प्रयोग करून पाहिला आणि त्यांच्याकडे काहीच चमकलं नाही. त्यांची पत्रं यायला लागली. मी उत्तरं देत राहिलो. बाईंनी उत्तरं वाचली नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला कॅन शोधून काढला, त्याच्या तळाशी थोडं बफर उरलं होतं. एका दुपारी त्यांनी मला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. त्यांच्या हातात एक छोटी काचेची नळी होती.

"ह्यात प्रोटीन नाही," त्या म्हणाल्या. "कॅनमधलं पाणी आणि टर्बियम, बस." त्यांनी अतिनील दिवा लावला आणि ती नळी कोवळ्या पोपटी रंगानं उजळली. बाईंचा चेहरा त्या उजेडात दिसत होता. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना कोडं सुटल्याचा आनंद झाला होता, आणि तोच मला सहन होईना.

"जुन्या पाण्यात जंतू झाले होते," त्या सांगू लागल्या. "खायला संपलं की हे जंतू बीजाणू होऊन बसतात, कडक कवचाचे. त्या कवचाच्या आत एक आम्ल असते, कॅल्शियमला धरून बसलेलं. कुणीतरी हे पाणी उकळलं, सर. कवच फुटलं, आम्ल बाहेर आलं. गाळणीत जंतू अडकतात, पाण्यात विरघळलेलं आम्ल काहून अडकेल? मग टर्बियम आलं. त्यानं कॅल्शियमला बाजूला सारलं आणि स्वतः त्या आम्लाला मिठी मारली. उजेड आणून द्यायला ह्या आम्लासारखा शेजारी दुसरा नाही. आपण प्रोटीन पाहून राहिलो होतो आणि चमकून राहिलं होतं पाणी."

'कुणीतरी उकळलं' असं म्हणून त्या थांबल्या होत्या, मला बोलायला जागा ठेवून. मी म्हणालो, "आता काय करायचं ते बघू."

निबंध मागे घ्यावा लागला. विभागप्रमुखानं मला बोलावून विचारलं, "डॉक्टर सबनीस, तुमच्याकडे बफर कोण करतं?" मी म्हणालो, "डॉक्टर वानखडे." हे वाक्य खरं होतं. त्यानं पुढे काही विचारलं नाही आणि मी पुढे काही सांगितलं नाही. नियतकालिकातल्या खुलाशात 'बफर तयार करताना झालेली चूक' असे शब्द आले. ते मीच लिहिले होते. पुढच्या वर्षी बाईंच्या पदावर मी सही करू नये, असं वरून सुचवलं गेलं आणि मी केली नाही.

शेवटच्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. मी म्हणालो, "तुम्ही विभागप्रमुखाला भेटून तुमची बाजू का मांडत नाही?"

"मी मांडली तर ती माझी बाजू होईल, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं तर ती माहिती होईल." एवढं बोलून त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

पुढे त्या एका नगरपालिकेच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिल्या. "पाण्याशी माझं जमते," म्हणायच्या. इथं आमच्या मंडळात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. सुमनलाही मी तेच सांगितलं होतं, बाईंकडून चूक झाली. सुमन म्हणायची, "चूक कुणाकडून होत नाही? तिला जेवायला बोलावत जा." आम्ही बोलावत गेलो आणि बाई येत गेल्या. सुमन गेली तीही तेच समजून.

एका गणपतीत मंडळाच्या स्वयंपाकघरात बाई आमटीत पाणी घालत होत्या, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "शशीताई, पाणी नीट बघून घाला हं, मागच्यासारखं नको!" सगळे हसले. मी हातात ताटं घेऊन उभा होतो. मीही हसलो. बाई म्हणाल्या, "बघूनच घालते. तुम्ही मीठ सांभाळा," आणि ढवळत राहिल्या. दाराशी अनघा उभी होती, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. तिनं आईकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेली.

गेल्या उन्हाळ्यात बाई आजारी पडल्या. अनघा आता गुरांची डॉक्टर आहे, ग्रँड रॅपिड्सच्या पलीकडे राहते. तिला रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून एमआरआयसाठी बाईंना मी घेऊन गेलो. टोचायचं औषध गॅडोलिनियमचं, म्हणजे टर्बियमच्या सख्ख्या शेजाऱ्याचं. मोकळं सुटलं तर हेही कॅल्शियमच्या जागा बळकावतं, म्हणून ते दुसऱ्या एका रेणूच्या पिंजऱ्यात बंद करूनच देतात. तिथला तरुण तंत्रज्ञ सुई घेऊन आला तशी बाईंनी त्याला इंग्रजीत विचारलं, "बाळा, पिंजरा कुठला आहे? पूर्ण गोल की एका बाजूनं उघडा?"

तो गोंधळला, आत जाऊन बाटली घेऊन आला. बाईंनी चष्मा वर करून नाव वाचलं. "गोल आहे. हा सोडत नाही लवकर. चालते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहा सर, जन्मभर ह्यांना दुसऱ्यांच्या अंगात बसवलं. आज माझ्यात."

परत निघालो तेव्हा पार्किंगमध्ये मी गाडी सुरूच केली नाही. म्हणालो, "बाई, तो कॅन मी उकळला होता. आणि त्याचं रिकामं मी कधी पाहिलंच नव्हतं."

"हो," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"झाकणावर ऑटोक्लेव्हच्या त्या टेपच्या, तापली की काळी पडते तिच्या, दोन पट्ट्या होत्या, सर. मी एकदाच ठेवलं होतं आत. आणि केविन तर सुट्टीत घरी गेला होता." मनगटावरचा हॉस्पिटलचा कागदी पट्टा त्या नखानं सोडवत होत्या. "मला काहून सांगता? मी तर तिथंच होती."

"माफी मागायची होती."

"ती मागितली तुम्ही. पण ज्याला माहीत नाही त्याला सांगा ना. अनघाला सांगा. तिला आजही वाटते, आईनं हलगर्जीपणा केला आणि नोकरी घालवली. मग मंडळाच्या अंकात लिहा पाहिजे तर. पण आधी अनघाला."

"तुम्ही सांगितलं तर ती लगेच—"

"मी सांगितलं तर आई सांगून राहिली असं होईल." पट्टा निघाला. "चला, आता कुठंतरी इडली खाऊ घाला. सकाळपासून उपाशी आहे मी."

त्या दिवशी बाईंनी इडली आवडीनं खाल्ली. अनघाचा नंबर माझ्याकडे होता. तपासणीचा निकाल येऊ दे म्हटलं. निकाल वाईट आला, तेव्हा म्हटलं, आता ह्या बातमीत ती बातमी कशाला. मग वाटलं, ती प्रत्यक्ष येईल तेव्हा समोरासमोर सांगू. ती आली तेव्हा तिच्यासोबत तिची मुलं होती. मी बाईंना भेटायला जायचो, त्या पानगळ सुरू झालेल्या मेपलकडे बघत बसलेल्या असायच्या. त्यांनी मला एकदाही आठवण करून दिली नाही. ऑक्टोबर संपायच्या आत त्या गेल्या.

मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एक गृहस्थ बोलले, "माणूस म्हटलं की चूक होतेच, पण शशीताईंनी ती चूक किती ग्रेसफुली स्वीकारली!" लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत अनघा बसली होती. तिनंही डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी गेलो. अनघा स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी करत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, इथं लिहिलं आहे तसंच. कॅन, ऑटोक्लेव्ह, 'पाहिलं' हा शब्द, विभागप्रमुखाचा प्रश्न, खुलाशाची भाषा. मग हातातला डबा खाली ठेवून ती खुर्चीत बसली.

"त्या गणपतीच्या दिवशी," ती म्हणाली, "गाडीत मी आईला म्हटलं होतं, यू एम्बॅरस मी. यू कान्ट इव्हन मेक वॉटर राइट. काका, आय नेव्हर टुक इट बॅक. मला वाटलं, ते खरंच होतं."

मी म्हणालो की मी नियतकालिकाला कळवलं आहे, मंडळाच्या अंकात लिहिणार आहे, नावानिशी, माझ्याही. तिनं मान हलवली. "लिहा. ग्रेसफुली वगैरे नका लिहू. शी वॉज राइट. तेवढं लिहा."

ते मी लिहितो: वानखडेबाई बरोबर होत्या. पहिल्या दिवसापासून बरोबर होत्या. चूक माझी होती आणि ती त्यांच्या नावावर मी घातली.

मी निघालो तेव्हा अनघानं दारात विचारलं, "आईनं तुम्हाला मला सांगायला कधी सांगितलं होतं?"

"जूनमध्ये. एमआरआयच्या दिवशी."

तिनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "मी दर रविवारी फोन करायचे तिला. ह्या समरमध्ये ती प्रत्येक वेळी विचारायची, 'सबनीस काकांचा फोन आला होता का तुला?' मी म्हणायचे, 'नो, व्हाय?' आणि ती म्हणायची, 'काही नाही, असंच.' मला वाटायचं, औषधांमुळे तीच तीच गोष्ट विचारतेय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काका, रविवारी तुम्ही घरीच असायचात?"

"हो," मी म्हणालो. "घरीच असायचो."